लेखनाच्या जागेची तजवीज

नियमित लेखनाचा संकल्प सोडून जो गृहस्थ सर्वांआधी सुताराला बोलावणे धाडतो, त्याने घटकाभर थांबून माझी हकीकत ऐकावी. सेवानिवृत्तीनंतर पुण्यातील राहत्या घराची मागील गॅलरी मी बंदिस्त करून घेतली, खिडकीला दुहेरी काचा बसविल्या, दाराच्या फटी रबरी पट्टीने बुजविल्या. आणि एवढ्या बंदोबस्तानंतर जी शांतता लाभली, तिने लेखणीला गती देण्याऐवजी कान तेवढे तीक्ष्ण केले, इतके की वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची आणि नळातून ठिबकणारे पाणी हीसुद्धा एकेक करून आपली हजेरी लावू लागली. शिवाय घरातील मोकळ्या जागेवर घराचा हक्क असतो व तो वहिवाटीने शाबीत होत जातो. प्रथम जादा गाद्या आल्या, मग इस्त्रीचे कपडे, पुढे साठवणाचे डबे. आणि त्यांपैकी काही ना काही नेण्यासाठी कोणीतरी "तुमचं चालू द्या" म्हणत सतत येत राहिले.

कार्लाइलची कथा याहून खर्चिक आहे. शेजाऱ्यांचे कोंबडे व पियानो यांना त्रासलेल्या या ग्रंथकाराने लंडनच्या चेल्सी भागातील आपल्या घराच्या माथ्यावर १८५३ साली दुहेरी भिंतींची, छतातून उजेड घेणारी, आवाजाला मज्जाव करणारी खोली बांधविली. जवळचे आवाज काहीसे दबले, पण दूरवरचे मात्र आत येतच राहिले. तरीही फ्रेडरिक द ग्रेटच्या चरित्राचे प्रचंड काम त्याने त्याच खोलीत बसून केले, यावरून ग्रंथाचे श्रेय भिंतींना द्यावे की बैठकीला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपल्याकडे अशा प्रसंगी मंडालेचा दाखला हटकून निघतो. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी तेथील तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, तेही पेन्सिलीने, हे खरे. परंतु त्यामागे अनेक वर्षांचे चिंतन उभे होते, ही गोष्ट दाखला देणारे सोयीने विसरतात. मंडालेतून आपण घ्यावयाचे ते एवढेच, की तेथे इच्छा झाली तरी उठून जाण्याची सोय नव्हती. लेखनाचा खरा शत्रू गोंगाट नव्हे, उठण्याला मिळणारे निमित्त होय, आणि ते बाहेरून येते त्याहून अधिक वेळा आपण स्वतःच शोधून काढतो.

म्हणून माझे सांगणे असे, की खोलीचा नाद सोडून एक मेज मुक्रर करावे, मग ते माजघराच्या कोपऱ्यात का असेना. मात्र त्यावर विजेची बिले, औषधे किंवा भाजीची पिशवी यांपैकी काहीही क्षणभरसुद्धा ठेवू देऊ नये. मेजाचे तोंड भिंतीकडे असावे, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याने उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. केवळ पालथा घालून भागत नाही, कारण हाताशी असलेली वस्तू मुकी असली तरी तगादा लावते. "वेळ पाहण्यापुरता जवळ असू दे" ही सबब मनात येते, तिच्यासाठी साधे घड्याळ विकत आणावे. संदर्भग्रंथही हाताच्या टप्प्याबाहेर बरे. एखाद्या सनावळीची शंका आली, तर समासात फुली मारून पुढे जावे आणि सर्व फुल्यांची वासलात लेखनाची वेळ संपल्यावर लावावी. एका तारखेसाठी उघडलेल्या ग्रंथात अख्खी सकाळ गडप झालेली मी पाहिली आहे. मध्येच आठवणाऱ्या घरकामांसाठी चिठोऱ्यांचा एक गठ्ठा जवळ असावा; काम कागदावर उतरले म्हणजे मनातून उतरते.

राहिली वेळ. पहाटच हवी, असा आग्रह धरणाऱ्यांशी माझे जमत नाही. जी वेळ घरातील सर्वांना ठाऊक आहे व मान्य आहे, ती उत्तम. मात्र ही मान्यता पुरुषाला जितकी सहज मिळते तितकी लिहिणाऱ्या गृहिणीला मिळत नाही. तिच्या तासावर दूधवाला, पाहुणा, शाळेतून आलेले मूल असे सर्वांचे हक्क आधीच नोंदलेले असतात. तेव्हा अशा घरात दाराची घंटा कोणी ऐकावयाची, गॅसवरच्या दुधाकडे कोणी पाहावयाचे, हे त्या तासापुरते नावानिशी ठरवून टाकावे. "जमेल तसं बघू" या बोलीवर ते सोडले, तर उठावे लागते तिलाच.