गुडघा सांधेरोपणापूर्वी पायाच्या रेषेचे मोजमाप

गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक आमच्याकडे एक प्रश्न हमखास विचारतात : "गुडघ्याचा एक्स-रे बाहेरून काढून आणला आहे, मग पुन्हा कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. दुबार खर्च दिसला की आमचीही लेखणी थबकते. म्हणून अस्थिशल्यचिकित्सकांकडून व क्ष-किरण विभागातील सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

शरीराचा भार खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या रेषेने खाली उतरतो. पाय सरळ असेल तर ही रेषा गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला की ती आतल्या बाजूस सरकते आणि तीच बाजू अधिक झिजते. शस्त्रक्रियेत हाडांचे छेद या रेषेच्या आधारे ठरतात; सरळ रेषेपासून 3 अंशांच्या आतील फरक परंपरेने स्वीकारार्ह मानला जातो.

केवळ गुडघ्याच्या एक्स-रेत खुबा आणि घोटा दिसतच नाहीत. मांडीच्या हाडाचा अक्ष व भाररेषा यांत साधारणतः 5 ते 7 अंशांचा कोन असतो, असे धरून अंदाज करावा लागतो. हाडच बाकदार असेल, आणि आशियाई रुग्णांत ते विरळ नाही, तर अंदाज चुकतो. मागील पाने न तपासता ताळेबंदावर सही करण्यासारखेच हे आहे.

लांब एक्स-रे रुग्णास उभे करून, पायावर भार असताना काढतात. मात्र गुडघ्याची वाटी समोर हवी. पाय किंचित वळला किंवा गुडघा पूर्ण सरळ होत नसला, तर बाक खऱ्यापेक्षा वेगळा दिसतो. एका आजींनी वेदनेमुळे पाय वळवला होता. त्यांचे चित्र पुन्हा काढावे लागले. त्याचे शुल्क अर्थातच घेतले नाही.

सीटी स्कॅनमध्ये हाडांचा पीळही मोजता येतो आणि काही रोबोटिक पद्धतींना तो आवश्यकच असतो. परंतु रुग्ण निजलेला असतो. भार नसल्याने बाक पुष्कळदा कमी भासतो. शिवाय किरणोत्सर्ग व खर्च अधिक. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, पण तेथेही रुग्ण सामान्यतः निजलेलाच. 1992 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे जॉर्ज शार्पाक यांच्या संशोधनावर उभी राहिलेली ईओएस यंत्रणा उभ्या रुग्णाची समोरील व बाजूची चित्रे एकाच वेळी, अल्प किरणोत्सर्गात घेते. तिची किंमत मात्र तूर्त आमच्या आवाक्याबाहेर आहे.

आणखी एक बाब. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील अभ्यासात 250 निरोगी तरुणांपैकी 32 टक्के पुरुष व 17 टक्के स्त्रियांचे पाय जात्याच 3 अंश वा अधिक बाहेर वाकलेले आढळले. प्रत्येक पाय काटेकोर सरळच करावा का, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. उद्दिष्ट कोणतेही ठरो, मूळ मोजमाप अचूक हवेच.

आमच्याकडे प्रत्येक रुग्णाचा उभ्याने लांब एक्स-रे काढला जातो. सीटी केवळ जुना अस्थिभंग, हाडाचा पीळ अशा कारणांसाठी. वृद्धांना आधार घेऊन स्थिर उभे राहता यावे म्हणून क्ष-किरण विभागातील चौथऱ्यास दोन्ही बाजूंनी कठडे बसविण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. नातेवाइकांनी जुने एक्स-रे अवश्य सोबत आणावेत. झीज किती काळात वाढली, हे त्यावरूनच कळते.