लोखंड, निओडिमियम आणि एक नोकरी

रामनगर, वर्धा
जानेवारी २०२६

चि. मृणाल,

तुझे पत्र पावले. धातुशास्त्राची पदवी हाती येण्यास थोडेच महिने उरले असता, परदेशातून चुंबके आणून येथील मोटार-कारखान्यांना विकणाऱ्या एका पेढीने तुला भरगच्च पगाराची जागा देऊ केली आहे आणि घरच्या मंडळींचा कौल तिकडेच आहे, हे वाचून संतोष वाटला. परंतु होकार कळवण्यापूर्वी, ज्या जिनसेचा हा व्यापार आहे तिचा स्वभाव काय आणि ती येते कोठून, एवढे तरी तू नीट पारखून घ्यावेस, म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्या निओडिमियम-चुंबकात वजनाने सुमारे बहात्तर टक्के लोखंडच असते. सत्तावीस टक्के निओडिमियम आणि उरलेला टक्काभर बोरॉन. बळ पुरवते ते लोखंडच. पण एकट्या लोखंडाचे चुंबकत्व चंचल, बाहेरचे क्षेत्र फिरले की तेही फिरते. निओडिमियमाचे अणू त्याला स्फटिकाच्या एकाच अक्षाशी जखडून ठेवतात आणि बोरॉन त्या स्फटिकाची बांधणी सांभाळतो. जपानात मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही किमया साधली. साध्या फेराइट चुंबकाच्या जवळजवळ दसपट ऊर्जा साठवणारा हा पदार्थ मात्र प्रकृतीने नाजूक आहे. तुझ्या जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून काढलेला तुकडा माझ्या मेजाच्या खणात पडून आहे. त्याच्या कोपऱ्यावरचा निकेलचा मुलामा उडाला, पावसाळ्याच्या ओलीने तेथे करडी भुकटी सुटू लागली, आणि ती झटकू गेले तर खाली न पडता चुंबकालाच चिकटून उभी राहते. उष्णतेचेही तेच. साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांपर्यंतच भरवशाचा, आणि ३१० अंशांच्या सुमारास त्याचे चुंबकत्व समूळ जाते. आपल्याकडच्या मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात विजेवरची गाडी हाकली तर मोटारीच्या पोटात पहिली मर्यादा ओलांडली जाऊ शकते. सबब मिश्रणात थोडे डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालावे लागते.

निओडिमियम प्रथम वेगळे काढले ते १८८५ साली, ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख याने. आणि सीरियम व लोखंड यांचा, ओरखडताच ठिणगी टाकणारा मिश्रधातूही १९०३ साली त्याच गृहस्थाने सिद्ध केला. लायटरमधला खडा तो हाच. प्राणवायूची जी ओढ त्या खड्याला, तीच चुंबकाच्या भुकटीला: कारखान्यात चुंबकाचा मिश्रधातू हायड्रोजनने फोडून तीन-चार मायक्रॉनपर्यंत दळतात, तेव्हा हवा लागताच ती भुकटी पेट घेऊ शकते. म्हणून दळण्यापासून, चुंबकीय क्षेत्रात दाबण्यापासून, हजार अंशांच्या वर निर्वातात भाजण्यापर्यंत सारे काम हवेला दूर ठेवूनच करावे लागते, आणि हे कसब ग्रंथ वाचून अंगी येत नाही.

वेल्सबाखच्याच गॅसबत्तीच्या मेंटलला थोरियम लागे. १९०९ साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरच्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे थोरियम व निओडिमियमही पोटात असणारे खनिज, आढळले, आणि तेव्हापासून आपली वाळू बोटीने परदेशी जाऊ लागली. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योगांचे पुरस्कर्ते कुमारप्पा यांनी ज्या व्यवहाराविरुद्ध हयात वेचली, कच्चा माल बाहेर आणि पक्का माल आत, तो व्यवहार ह्या वाळूच्या बाबतीत अद्याप पुरता संपलेला नाही. १९५० साली सरकारने ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी स्थापिली. चवरा, मनवलकुरिची व ओडिशातील छत्रपूर येथील वाळू तिच्या ताब्यात आहे, आणि मोनाझाइटात थोरियम असल्याने तो मामला अणुऊर्जेच्या कायद्याखाली येतो. एकाच तोंडवळ्याच्या भावंडांसारखी असणारी ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये द्रावकांच्या शेकडो पायऱ्यांनी वेगळी करण्याची विद्या आपल्याकडे आहे. ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू आणि त्यापासून भाजलेला चुंबक, हा पुढचा मार्ग मात्र आपल्याकडे अरुंद राहिला. शिवाय आपल्या मोनाझाइटात डिस्प्रोशियम जवळजवळ नाहीच.

म्हणून ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने डिस्प्रोशियम-टर्बियमसह सात मूलद्रव्यांच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीस परवान्याची अट घालताच येथील कारखानदार हवालदिल झाले. ज्या बजाज घराण्याची मूळ पेढी वर्ध्याची, त्यांच्या विजेवरच्या चेतक स्कूटरचेही उत्पादन त्या उन्हाळ्यानंतर घटवावे लागले. नोव्हेंबरात केंद्र सरकारने वर्षाला सहा हजार टन चुंबके देशात घडवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली आहे. पैसा मंजूर झाला. भट्टीपाशी उभी राहणारी माणसे मंजुरीने तयार होत नाहीत.

दलालीला मी हीन लेखीत नाही. हिंगणघाटच्या कापूसबाजाराने कित्येक घरे वर आणली आहेत. पण त्या पेढीत तू करशील काय? परवान्यांच्या दरखास्ती लिहिशील, माल कोठे वापरला जाणार त्याचे दाखले जोडशील, आणि परदेशातील एखाद्या अंमलदाराने कागद तहकूब ठेवला की तुझी विद्याही तहकूब राहील. त्यापेक्षा दोन-तीन वर्षे कमी वेतनावर का होईना, जेथे निओडिमियमाचे ऑक्साइड प्रत्यक्ष धातूत उतरवतात, किंवा भंगारातल्या मोटारींचे चुंबक हायड्रोजनने फोडून पुन्हा घडवतात, तेथे जा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादच्या धातुसंशोधन संस्था, दोहोंकडे चौकशी कर. तुमच्या प्राध्यापकांना निर्वात भट्टीवर काम करू देण्याची विनंती याच सत्रात कर. व्यापारात तिशीनंतरही शिरता येते. भट्टीवरचा हात मात्र ह्याच वयात बसतो.

पेढीला नकार द्यायचा ठरल्यास तो मुदतीत आणि आभारपूर्वक दे. तुझे बाबा पगाराचा आकडा पुढे करतील. त्यांच्याशी बोलण्याचे काम माझ्याकडे असू दे. हैदराबादेस अर्ज धाडण्यापूर्वी मसुदा इकडे पाठव, कारण तुझ्या इंग्रजीत अजून पूर्णविराम फार कमी असतात.

तुझा,
काका