फरशी ठरवण्याआधी खालची ओल बघ

बाय,

काल तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ मी तशीच बसून राहिले. किती हौसेने सांगत होतीस! खालच्या खोलीत आगळ-लोणच्याचं काम सुरू करायचं, जुना लाल कोबा काढायचा आणि तिथे आरशासारखं इपॉक्सी करून घ्यायचं. सांधा नाही, जोड नाही, चौरस फुटाला साठ रुपये. टाइलवाल्याने मात्र सगळं मिळून एकशे तीस सांगितले. ‘ताई, निम्म्यात काम होतंय, मग विचार कसला करायचा?’ असं म्हणालीस.

विचार करायचा, बाय. पैसे बचत गटाच्या कर्जाचे आहेत. आणि जमीन एकदा झाली की तिच्यावर पिंपं, रॅक, शेगड्या मांडल्या जातात. मग ती उकरायची म्हणजे ऐन हंगामात काम बंद ठेवायचं. म्हणून फोनवर तुटक बोलण्यापेक्षा लिहूनच काढते.

आमच्या अंबडच्या शेडमध्ये आम्ही इपॉक्सी एकदा वाया घालवलंय आणि एकदा नीट करून घेतलंय, त्यामुळे यातलं मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. पहिल्या वेळी नवीन काँक्रीट टाकलं होतं. त्यावर इपॉक्सी करायच्या आधी निदान 28 दिवस जाऊ द्यायला हवे होते. पण तुझ्या भावोजींना मशीन बसवायची घाई, आणि ठेकेदाराला पुढचं काम धरायची. अठराव्या दिवशी त्याने प्रायमर मारला, वर राखाडी रंगाचे दोन कोट दिले. काय सुरेख दिसत होतं! जुलैत पाऊस लागला आणि एका सकाळी शेड झाडताना झाडू कशाला तरी अडला. वाकून बघते तर दहाच्या नाण्याएवढा फोड. नखाने दाबला तर फुटला, आतून चिकट, उग्र वासाचं पाणी आलं. पंधरा दिवसांत लेथच्या भोवती असे चाळीसेक फोड झाले, आणि दिवाळीपर्यंत भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखे त्याचे पापुद्रे निघायला लागले. ठेकेदार म्हणाला, तुमच्या जमिनीतच ओल आहे. ओल होती हे खरंच. पण ती आधी बघणं हे त्याचं काम होतं, आणि त्याला बघायला लावणं हे आमचं.

हे असं का होतं ते समजून घे, म्हणजे कुणी काहीही सांगितलं तरी तुझं तुला ठरवता येईल. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर अशी दोन द्रव्यं. ती एकत्र केली की अर्ध्या-पाऊण तासात आळायला लागतात आणि जमिनीवर त्यांचा टणक, घट्ट थर होतो. त्या थरातून पाणी वरून खाली जात नाही, हा त्याचा मोठा गुण. पण खालून वरही येत नाही. काँक्रीट आपल्याला दगडासारखं वाटतं, प्रत्यक्षात त्यात बारीक बारीक छिद्रं असतात आणि जमिनीतली ओल त्यांतून वर चढत राहते. वाट बंद झाली की ती ओल त्या थरालाच उचलते. टाइलखालीही हीच ओल असते, पण तिने टाइल अशी उचलली जात नाही. फार तर सांध्यांवर पांढरा लोणा येतो, तो पुसता येतो.

आता तुझं घर डोळ्यांपुढे आण. जोतं जांभ्याच्या चिऱ्याचं, आणि चिरा किती पाणी पितो हे तुला मी सांगायला नको. भरावाखाली प्लास्टिकचा कागद घालायची पद्धत तुझ्या आजेसासऱ्यांच्या काळी कुठली असणार! आणि 22 जुलै 2021 चा पूर आठव. वाशिष्ठीचं पाणी उतरलं, चिखल काढून झाला, तरी खालच्या भिंती कितीतरी महिने ओल धरून होत्या. त्या खोलीत साठ रुपयांचं इपॉक्सी लावणं म्हणजे ओल्या पाटावर कागद चिकटवण्यासारखं आहे.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः बघ. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फुटाचा तुकडा घे. कोबा स्वच्छ झाडून, पुसून, पूर्ण वाळू दे. मग तो तुकडा चारही बाजूंनी चांगल्या चिकटपट्टीने पक्का बंद कर, कुठूनही हवा जाता कामा नये. संध्याकाळी लावलास तर दुसऱ्या दिवशी दुपारी उचल, सोळा तास तरी जायला हवेत. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दहिवर दिसलं किंवा खालचा कोबा गडद झाला, तर ओल वर येतेय. असे तीन तुकडे लाव: एक मधोमध, एक मोरीजवळ, एक मागच्या भिंतीशी. आणि हे आत्ताच कर, गणपती झालेत, जमीन अजून भिजलेली आहे. तो इपॉक्सीवाला मे महिन्यात येऊन गेला होता ना? मे महिन्यात कुणाचीही जमीन कोरडीच दिसते.

आता पैशाचं बघू. मी सांगते ते आमच्याकडे मिळालेले भाव आहेत, तुमच्याकडे पाच-दहा रुपयांचा फरक पडेल. साठ रुपयांत काय काय येतं ते त्याला लिहून मागितलंस का? त्या भावात मिळतं ते रोलरने मारलेलं कोटिंग, जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. जमीन मशीनने घासून घेणं वेगळं, भेगा भरणं वेगळं, ओल अडवणारा प्रायमर वेगळा. आम्ही दुसऱ्या वेळी हे सगळं केलं आणि वर दोन मिलिमीटरचा थर घेतला, तेव्हा चौरस फुटाला एकशे दहा पडले. हजार फुटांचे एक लाख दहा हजार. पहिले पंचावन्न हजार पाण्यात गेले ते निराळेच. तुझी खोली जेमतेम अडीचशे फुटांची. एवढ्या लहान कामाला मशीन आणायचं तर ठेकेदार फुटाचा भाव सोडून ठोक रक्कम मागतो. ती फुटाला एकशे पंधराच्या खाली येईल असं मला वाटत नाही, म्हणजे पावणेएकोणतीस हजार झाले. टाइलचे एकशे तीसने साडेबत्तीस हजार. बघ, निम्म्याचं अंतर कुठे राहिलं?

आणि तू हे पंधरा वर्षांसाठी करतेयस, एका हंगामासाठी नाही. जिथे रोज पिंपं सरकतात आणि पाणी ओतलं जातं, तिथे इपॉक्सीचा वरचा कोट पाच-सात वर्षांत उतरतो. तो पुन्हा द्यायचा तर फुटाला चाळीस धर, दहा हजार. पंधरा वर्षांत दोनदा. शिवाय प्रत्येक वेळी सगळं सामान बाहेर, चालण्याजोगं व्हायला एक दिवस आणि पूर्ण पक्कं व्हायला आठवडा. नेमकं ते कोकमाच्या दिवसांत आलं तर? टाइल नीट बसवली असेल तर तिला पंधरा वर्षांत काही होत नाही. एखादी फुटली तर तेवढीच काढून दुसरी बसवता येते. इपॉक्सीला ठिगळ लावलं की ते कायम दिसतं.

तुझ्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. तू आमरस आटवणार, सरबताचा पाक करणार. उकळता टोप चुलीवरून उतरवून तू थेट जमिनीवर टेकवतेस, लहानपणापासून तुझी ती सवय मी बघतेय. साधं इपॉक्सी साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आमच्याकडे चहाचं पातेलं कुणीतरी खाली ठेवलं होतं, त्याची गोल खूण अजून तशीच आहे. विट्रिफाइड टाइल भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास भाजलेली असते, तिला टोपाचं काही वाटत नाही. दारातून ऊन येतं तिथे इपॉक्सी पिवळंही पडतं, आणि तुझं दार पश्चिमेला.

मात्र टाइलचं एक वर्म आहे आणि तुझ्या कामात ते नेमकं उघडं पडेल. ते म्हणजे सांधे. आगळ म्हणजे आंबट आणि खारट दोन्ही. साध्या सिमेंटच्या ग्राउटवर ते रोज सांडलं की सांधा पोखरला जातो, लाल-काळा होतो, मग कितीही घास. इथे तुझं इपॉक्सी कामाला येतं बघ! टाइलच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भर. त्याला फळांचा आंबटपणा चढत नाही, डाग धरत नाही, बुरशी लागत नाही. फुटाला पंधरा रुपये जास्त जातील, तुझ्या खोलीचे पावणेचार हजार. ते वाचवू नकोस, मी हात जोडून सांगते. फक्त मिस्त्रीने ते आधी केलेलं असलं पाहिजे. ग्राउट भरल्याबरोबर टाइलवरची साय स्पंजने पुसून काढावी लागते. ती वाळली की टाइल कायमची धुरकट आणि चिकट राहते, आणि मग मिस्त्री फोन उचलत नाहीत.

टाइल घ्यायला गेलीस की गुळगुळीत, चकचकीत पाहूच नकोस. मॅट घे, बोटाला किंचित खरखर लागली पाहिजे. दुकानातल्या माणसाकडे पाणी मागून टाइलवर ओत आणि चप्पल काढून त्यावर उभी राहून बघ. आई मोरीच्या तोंडाशी घसरली तेव्हा तिथली टाइल कशी होती, आठवतं ना? तुझ्याकडे दोन बायका दिवसभर ओल्या पायांनी वावरणार आहेत, त्यांच्या कमरेची काळजी तुलाच घ्यायची. टाइल फक्त वरून छापलेली नको, रंग आत खोलवर गेलेली घे. डबल चार्ज किंवा फुल बॉडी म्हणून माग. बत्ता पडून टवका उडाला तरी खालून वेगळा रंग डोकावणार नाही. सगळी खोकी एकाच बॅचची आणि एकाच शेडची आहेत ना, ते खोक्यावरचे आकडे लावून बघ. मोरबीहून पुढच्या गाडीत येणारा माल तंतोतंत तोच रंग घेऊन येईल याचा भरवसा नसतो. म्हणून कटिंग-मोडीसाठी दहा टक्के जास्त घे आणि त्याशिवाय एक पूर्ण खोकं माळ्यावर ठेवून दे.

बसवताना तू तिथे असायला हवंस. पुष्कळ गवंडी टाइलच्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये असे पाच गोळे ठेवून टाइल दाबतात. गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते, तिच्यावर पिंप आदळलं की टाइल तडकते. पूर्ण पाठीला मसाला लागला पाहिजे. विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पितच नाही, अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या मसाल्याला ती नीट धरत नाही. टाइलचं अ‍ॅडेसिव्हच वापरायला सांग. दोन दिवसांनी रुपयाचं नाणं घेऊन एकेक टाइल वाजवत जा. ठक्क आवाज आला तर भरलेली, डबडब आला तर पोकळ. पोकळ असेल तिच्यावर खडूने फुली मार आणि ती बदलल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नकोस. संकोच करू नकोस, मोठ्या आवाजात बोलावंही लागत नाही. फुली पुरते.

ढाळ विसरू नकोस हं. दर फुटाला पाव इंच तरी मोरीकडे. खाद्यपदार्थांच्या परवान्यालाही जमीन पाणी न शोषणारी, धुता येणारी, निसरडी नसलेली आणि निचऱ्याकडे उतार असलेली लागते. टाइल बसल्यावर ढाळ काढता येत नाही, म्हणून आधी बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघ.

आता तुला वाटेल, ताईला इपॉक्सी आवडतच नाही. तसं अजिबात नाही. आमच्या शेडमध्ये दुसऱ्यांदा केलेलं आठ वर्षं झाली तरी उत्तम आहे. तेल सांडतं, कूलंट सांडतं, एका फडक्यात साफ. टाइल तिथे टिकलीच नसती, वरून लोखंडाचा जॉब पडला की चुराच. औषधांच्या कारखान्यांत आणि इस्पितळांच्या ऑपरेशन थिएटरांत सांधा नको असतो, म्हणून तिथे इपॉक्सी लागतं, आणि ते योग्यच आहे. तुला इतकी हौस आहे तर माडीवरच्या खोलीत कर ना! खाली स्लॅब, जमिनीचा संबंध नाही, ओल चढायचा प्रश्न नाही, आणि तू तिथे नुसत्या भरलेल्या बाटल्या आणि खोकी ठेवणार. फक्त छप्पर कुठे गळत नाही ना, ते आधी बघून घे. तिथला कोबाही मजबूत आहे, घासून घेतला की पुरे. ते काम पुढच्या वर्षी, हातात चार पैसे आल्यावर.

खालचं काम दसऱ्यानंतर धर. गवंडी मोकळे असतात, पाऊस ओसरलेला असतो, आणि कोकमं लागेपर्यंत तुझी खोली कधीच तयार झालेली असेल. सासूबाईंना सांग, जुन्या कोब्याचा एक कोपरा, त्यांची पाट्याची जागा आहे ना दाराशी, तेवढा राहू द्यायचा असेल तर राहू दे. मला तो कोपरा फार आवडतो.

प्लास्टिकचे तुकडे उद्याच संध्याकाळी लाव. परवा दुपारी उचलताना मला व्हिडिओ कॉल कर, मी जेवण लवकर उरकून बसते.

तुझी,
ताई