पुन्हा जन्म : आशा की फेरा?

प्रश्न : माझा जर्मन सहकारी पुनर्जन्माबद्दल फार उत्साहाने बोलतो. पुन्हा जगायला मिळणार, याचाच त्याला आनंद. आपल्याकडे तर या फेऱ्यातून सुटायची धडपड असते. एकाच कल्पनेबद्दल इतकी उलट मतं कशी?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्याच्या आधी हाच विचार लेसिंग या जर्मन लेखकाने मांडला होता. ‘मानवजातीचे शिक्षण’ हा त्याचा निबंध 1780 सालचा. माणसाचं शिकणं एका आयुष्यात पुरं होत नाही, मग नवं ज्ञान मिळवायला तो पुन्हा पुन्हा का येऊ नये, असं तो शेवटी विचारतो.

या प्रश्नामागचं दडपण आपल्याला चटकन कळत नाही. ख्रिस्ती शिकवणुकीत जन्म एकच, मग निवाडा. त्यानंतर स्वर्ग किंवा नरक, तोही कायमचा. साठ-सत्तर वर्षांतल्या चुकांचा हिशेब अनंतकाळ भरायचा. अशा मनाला दुसरा जन्म म्हणजे केवढा दिलासा! पुढे फ्रान्समध्ये आलाँ कार्देकने 1857 साली ‘आत्म्यांचे पुस्तक’ काढलं. त्याच्या मते आत्मा थबकेल, पण खाली कधीच घसरणार नाही. प्रगतीवरचा एकोणिसाव्या शतकाचा विश्वास इथे स्पष्ट दिसतो.

आपल्याकडे ती हमी नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनी सांगितल्या, त्यात नरदेह दुर्लभ. कर्म चुकलं की घसरण आहेच. स्वर्गसुद्धा टिकत नाही, पुण्य संपलं की परत खाली. पुन्हा जन्म म्हणजे पुन्हा म्हातारपण, पुन्हा आप्तांचा वियोग, पुन्हा मरण. पश्चिमेला आयुष्य अपुरं वाटलं. इथे ते न संपणारं वाटलं. मतं उलटी झाली ती इथूनच.

बुद्धांनी तर पुन्हा जगण्याच्या ओढीवरच बोट ठेवलं. सारनाथच्या पहिल्या उपदेशात दुःखाचं कारण म्हणून तृष्णा सांगितली आहे आणि तिच्या तीन प्रकारांत भवतृष्णा येते, म्हणजे असत राहण्याची, पुन्हा होण्याची तहान. तुमच्या सहकाऱ्याचा उत्साह बौद्ध दृष्टीने यातच मोडेल. शिवाय तिथे एका देहातून दुसऱ्यात जाणारा आत्माच नाही. एका दिव्यावरून दुसरा लावावा, तसं पुढे चालू राहतं. मग ‘मी परत येईन’ यातला मी कोण?

आता तुमच्याही विधानाला थोडी मुरड घालतो. प्यू रिसर्च सेंटरच्या 2021 सालच्या अहवालात भारतातल्या हिंदूंपैकी 40 टक्क्यांनीच पुनर्जन्म मानत असल्याचं सांगितलं. आणि मानणाऱ्या सगळ्यांना सुटकाच हवी, असंही नाही. वारकऱ्यांना विचारा. तुकोबांनी देवाकडे नामाचं प्रेम आणि संतांची संगत मागितली, मुक्ती नाकारली. या मागणीपुढे गर्भवासही त्यांना सुखाचा वाटला. महायान पंथातला बोधिसत्त्वही इतरांच्या सुटकेसाठी पुन्हा पुन्हा जन्म घेतो. मला ही परंपरेतली सर्वांत उदार जागा वाटते. इथे जन्माची भीती गळून पडली आहे आणि तरी स्वतःसाठी आणखी जगण्याचा हव्यासही नाही.

सहकाऱ्याशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा लेसिंगबरोबर तुकोबांचंही नाव काढा, आणि त्याला विचारा, की तुला परत यायचंय ते कशासाठी?