रंग किती, खर्च किती?

उल्हासनगरच्या जीन्स बाजारातलं एखादं दुकान कॉलेजं सुरू होताना जाहिरात करणार आहे, असं धरू. गिऱ्हाईक १८ ते २५ वयाचं, अंबरनाथ-बदलापूरहून लोकलने येणारं. फ्लेक्स, इन्स्टाग्राम आणि टी-शर्ट असा बेत आहे. रंग आधी ठरवले तर पैसे वाचतात.

रंग कोणते?

तरुणांसाठी म्हणजे निऑनच, असं काही नाही. मोबाइलचा पडदा प्रकाश फेकतो, म्हणून निऑन तिथे झळकतो. फ्लेक्सच्या चार शायांत तोच मळकट उतरतो. त्यापेक्षा मालातच जोडी तयार आहे: गडद निळं कापड आणि त्यावरची मोहरी रंगाची शिवण. निळ्यावर पिवळी अक्षरं लांबूनही वाचता येतात. जोडीला पांढरा, झाले तीन. निळ्यावर लाल अक्षरं मात्र टाळा. घाईत चालणाऱ्याला ती वाचताच येत नाहीत. फाइलमध्ये सायन शाई १०० टक्के असेल, तर मॅजेंटा शाई ७०च्या पुढे नेऊ नका. निळ्याचा जांभळा होतो.

पैसे कुठे लागतात?

(दर फक्त हिशेबासाठी धरलेले आहेत, चालू दर दोन-तीन ठिकाणी विचारा.)

फ्लेक्स: दर चौरस फुटावर असतो, रंग दोन असोत की वीस. ६ बाय ३ म्हणजे १८ चौरस फूट. २० रुपये दराने ३६० रुपये. फ्रेम आणि लावण्याची मजुरी वेगळी. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

टी-शर्ट: स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. स्क्रीनचे ४०० आणि प्रत्येक टी-शर्टला रंगामागे १५ रुपये धरले, तर ५० नगांच्या छपाईला एका रंगात १,१५० आणि तीन रंगांत ३,४५० रुपये. गडद कापडावर खाली पांढरा थर द्यावा लागला, तर तोही एक रंग मोजला जातो. म्हणून निळ्या टी-शर्टवर फक्त पांढरा घ्या.

इन्स्टाग्राम: रंगाला खर्च नाही. स्टोरीसाठी १०८० बाय १९२० पिक्सेलची वेगळी फाइल मात्र लागते. ती डिझायनरच्या पैशांत धरली आहे का, ते आधीच ठरवा.

परवानगी: फ्लेक्स उल्हासनगरात लावायचा तर महापालिका, अंबरनाथ-बदलापुरात तिथली पालिका. बेकायदा फ्लेक्स उतरवला जातो, गुन्हाही दाखल होऊ शकतो.

ॲडव्हान्स देण्यापूर्वी विचारा

• रंगांचे कोड लिहून मिळतील का?
• डिझाइनची मूळ कोरलड्रॉ फाइल मिळेल का?
• किती बदल फुकट?
• त्याच मशिनवर, त्याच मटेरियलवर एक फुटाचा नमुना काढून द्याल का?
• रंग नमुन्याशी जुळला नाही, तर पुन्हा छापण्याचा खर्च कोणाचा?

नमुना दुकानाबाहेर उन्हात आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे बघा. पसंत पडला की त्यावर तारीख टाकून सही करा आणि मगच पूर्ण ऑर्डर द्या.