चिखलात उभे, तरी तहानलेले

उरण-पेणकडच्या खाडीकाठी तिवरांच्या मागे, मिठागरांच्या बांधांवर गुडघाभर उंचीची झुडपे दिसतात. पाने बारीक, मांसल आणि पुष्कळदा लालसर जांभळी. याला मोरस म्हणतात. शास्त्रीय भाषेत सुएडा. पालक आणि बीट हे त्याचे भाऊबंद.

खारभूमीतला बांध फुटून भरतीचे पाणी खाचरात शिरले, की भात पाण्यात उभे असूनही वाळते. त्याच खाचरात पुढे मोरस मात्र फोफावते. असे का?

बटाट्याची एक चकती मिठाच्या दाट पाण्यात आणि एक साध्या पाण्यात तासभर ठेवा. पहिली लुळी पडेल, दुसरी कडक राहील. पेशीचे पटल पाणी जाऊ देते, मीठ सहसा अडवते. त्यामुळे पाणी सौम्य द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे जाते. हेच परासरण. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरण दाब सुमारे 25 वातावरणांइतका भरतो. 1 वातावरण म्हणजे साधारण 10 मीटर पाण्याचा स्तंभ. म्हणजे मुळांना जणू 250 मीटर उंच स्तंभाच्या दाबाशी झुंजायचे आहे! भाताला ते झेपत नाही. शिवाय आत शिरलेले सोडियम विषासारखे बाधते, ते वेगळेच.

मोरस काय करते? पेशीरस बाहेरच्या पाण्याहूनही खारट ठेवते. पण मग ते सोडियम त्यालाही बाधायला हवे. इथेच खरी गंमत आहे. पेशीच्या मध्यभागी रिक्तिका नावाची मोठी पिशवी असते. मोरस मीठ तिच्यात कोंडते, आणि भोवतालच्या जीवद्रव्यात समतोलासाठी ग्लायसीन बीटेन हा निरुपद्रवी पदार्थ साठवते. (बीटेन प्रथम बीटमध्ये सापडले, म्हणून हे नाव.) पाने मांसल दिसतात ती या पाण्याने फुगलेल्या पेशींमुळे.

हा बंदोबस्त फुकटचा नाही. मीठ पिशवीत ढकलायला ऊर्जा लागते, बीटेन बनवायला नायट्रोजन. गोड्या जमिनीतही मोरस जगू शकते, पण तिथे गवते त्याला मागे टाकतात.

आणि एवढे करूनही त्याचे बी खाऱ्या चिखलात सहजी रुजत नाही. पावसाने क्षार धुऊन निघाले, की मग ते अंकुरते. बांध पुन्हा घातलेल्या खाचरात शेतकरीही त्याच पावसाची वाट पाहत असतो.