माहुलीच्या पायथ्याला पाखरांची हजेरी



मे महिन्याच्या सुट्टीत चौथीची सात मुले आणि मी माहुलीच्या पायथ्याला पाखरे पाहायला गेलो होतो. गडावर चढायचे नव्हते. आसनगावच्या बाजूने दिसणारे ते सुळके आपण नेहमीच पाहतो; त्यांच्या खालच्या रानात कोण कोण राहते, ते पाहायचे होते. दुर्बीण एक आणि वह्या सात. निघताना गलोली काढून ठेवायला सांगितल्या, तर चौघांच्या खिशांतून निघाल्या. त्या अजून माझ्या कपाटात आहेत.

वहीत चार रकाने आखले होते : वेळ, जागा, पाखरू, किती. नाव ठाऊक नसेल तर रंग आणि आवाज लिहायचा. घरी ज्या नावाने ओळखतात ते नावही चालेल. पुस्तकातले नाव नंतर शोधता येते.

उजाडता उजाडता पोचलो ते बरे झाले. उन्हाळ्यात पाखरांची गडबड पहाटे सुरू होते आणि ऊन चढले की मंदावते. पावशा 'पेरते व्हा, पेरते व्हा' ओरडत होता. दिसला मात्र नाही. तांबट कुठेतरी बसून 'टुक् टुक्' भांडी ठोकत होता. सातभाई पाचोळा उलटापालटा करीत, आपसात कचाकचा भांडत गेले. मुलांनी मोजले तर नऊ भरले. "गुरुजी, हे नऊभाई!" असे एकाने जाहीर केले. नावात सात असले तरी थव्यात सातच असतात असे नाही. मोजले म्हणून कळले.

दहाच्या सुमारास सर्पगरुड वर घिरट्या घालू लागला. पंख हलवत नव्हता. कातळ तापला की त्यावरची हवा तापून हलकी होते आणि वर चढते. तिच्यावर पंख पसरून तो नुसता तरंगतो. म्हणून तो ऊन तापल्यावर उंच जातो.

दुपारी ओढ्यात घमेल्याएवढे एक डबके उरलेले सापडले. करवंदीच्या जाळीआड, वीसेक पावलांवर, आम्ही गुपचूप बसलो. अर्ध्या तासात बुलबुल, कोतवाल, होला, दयाळ सगळे पाण्यावर येऊन गेले. कितीतरी जणांच्या चोची उघड्या होत्या. पाखरांना घाम येत नाही. ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतात. आम्ही पुढे गेलो असतो तर ती तहानलेलीच उडाली असती.

आता सकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. सातच्या सुमारास एका जुन्या झाडाच्या ढोलीपाशी पिंगळा बसला होता. "घुबड आहे, नका बघू!" एक मुलगी म्हणाली. पिंगळा म्हणजे लहान घुबडच, हे तिचे बरोबर. पण न बघण्यासारखे त्यात काही नाही. तो उंदीर आणि किडे खातो, म्हणजे शेतकऱ्याचेच काम करतो. आणि पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा तर या पाखराची बोली आपल्याला कळते असे सांगून दाणे मागतो!

माझी छाती मात्र धडधडू लागली. कारण रानपिंगळा नावाचा एक दुर्मिळ पिंगळा २०१४ साली आपल्याच तानसा अभयारण्यात आढळला आहे, आणि माहुलीचे रान त्याच अभयारण्यात येते. रानपिंगळा दिवसासुद्धा जागा असतो, सकाळच्या उन्हात फांदीवर बसतो. मी दुर्बीण लावली. डोक्यावर पांढरे ठिपके होते, अगदी स्पष्ट. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. म्हणजे हा गावाजवळ नेहमी दिसणारा साधा ठिपकेवाला पिंगळा.

"लिहू या की गुरुजी रानपिंगळा! कोण बघायला येतंय?" खरे सांगतो, क्षणभर मलाही तो मोह झाला. मग तिथेच बसून मी मुलांना ही हकिगत सांगितली.

रानपिंगळ्याला शास्त्रीय नाव मिळाले १८७३ साली, ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाकडून. १८८४ मध्ये खानदेशात एक मिळाला आणि त्यानंतर पक्षी जणू गडप झाला. पुढे माइनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दावा केला की, आपल्याला १९१४ साली तापीकाठी मांडवीला एक मिळाला. पेंढा भरलेला पक्षी होता, पायाला चिठ्ठी होती. लोकांनी विश्वास ठेवला. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून उचललेला जुनाच पक्षी होता, चिठ्ठी तेवढी नवी! शोधणाऱ्यांची त्या चिठ्ठीने दिशाभूल केली. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी जुने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा ही लबाडी उघडी पडली. मग त्यांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना व त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. १८८४ ते १९९७, वजाबाकी तुम्हीच करा.

मुले गप्प झाली. वह्यांत 'ठिपकेवाला पिंगळा, १' असे लिहिले गेले. वर्गात नसलेल्या मुलाची हजेरी मी मांडत नाही, तसेच हेही.

संध्याकाळी परतताना एक मुलगा मागे मागे राहू लागला. विचारले तर वही पुढे केली. तिच्यात सकाळी 'मोर, १' असे लिहिले होते. "दिसला नव्हता गुरुजी, नुसता ओरडला." त्याने ओळ खोडली आणि खाली लिहिले : 'मोर. दोनदा ओरडला. पाहिला नाही.'

त्याच्या वहीचे ते पान या फलकावर उजवीकडे लावले आहे. मुरबाडकडे मामाच्या गावी जाणाऱ्यांनी काळू नदीच्या काठची पाखरे लिहून आणावीत. फलकावर जागा राखून ठेवली आहे.